पंगतीतले पान

मनुष्याला वेड लागले की प्रथम त्याचे काम सुटते. हिशेबाची वही त्याच्या हातून काढून घेण्यात येते, बाजाराची पिशवी दुसऱ्याच्या हाती जाते, देवपूजाही दुसराच कोणी करू लागतो. हे सारे कळवळ्यानेच होते, यात संशय नाही. परंतु ‘तू काही करू नकोस, स्वस्थ बैस’ या प्रेमळ वाक्याचा अर्थ ‘तुझ्यावाचून आमचे काही अडत नाही’ असाच होतो. आणि तो उमगण्याइतके शहाणपण बहुतेक वेड्यांपाशी शिल्लक असते.

ही गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानी येण्यास एक महायुद्ध व्हावे लागले. बर्मिंगहॅमजवळील नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयात मन भंगलेल्या सैनिकांवर उपचार होत असत. तेथे काम केलेल्या डॉक्टर टॉम मेन यांनी १९४६ साली ‘उपचारक समुदाय’ ही कल्पना मांडली. रुग्णालयाचा दिवस कसा जावा हे ठरविण्यात रुग्णाचाही हात असावा, केवळ आज्ञा पाळून मन सुधारत नाही, असा तिचा मथितार्थ. पुढे १९७१ साली लॉरेन मोशर यांनी अमेरिकेत सॅन होजे येथे ‘सोटेरिया’ नावाचे एक घर उघडले. स्किझोफ्रेनियाने नुकतीच ग्रासलेली तरुण माणसे तेथे शक्य तितक्या कमी औषधांवर, साध्यासुध्या सोबत्यांच्या संगतीत राहत. ते घर १९८३ साली बंद पडले.

या साऱ्या प्रयोगांचा आजोबा शोभावा असा एक गाव बेल्जममध्ये आहे. त्याचे नाव गेल. बापाच्या वेडापासून पळालेली डिंफना नावाची आयरिश राजकन्या तेथे त्याच्याच हातून मारली गेली, अशी आख्यायिका आहे. तिच्या देवळात मध्ययुगापासून वेड्यांना आणीत. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकरी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेऊ लागले. एकोणिसाव्या शतकात सरकारने ही व्यवस्था आपल्या हाती घेतली. १८६२ साली रुग्णालयही उभे राहिले. पण रोगी राहिले घरांतच. १९३८ च्या सुमारास त्यांची संख्या ३,८०० च्या घरात होती. कोणी गुरे पाही, कोणी मुले सांभाळी. त्यांना ‘जेवणकरी’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखीत. म्हणजे पंगतीत ज्याचे पान आहे, तो.

हे वाचून कोणीही मराठी गृहस्थ म्हणेल, ‘यात नवल ते काय? आमच्या एकत्र कुटुंबात हे होतेच!’ माझ्याही घरी ते होते. धाकटे काका कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून परतले आणि पुढची तीस वर्षे आमच्यातच राहिले. भिंतीवरील घड्याळाला किल्ली देणे हे त्यांचे काम. एकदा ते तापाने आठ दिवस निजून होते. घड्याळ बंद पडले, पण आजीने त्याला दुसऱ्या कोणास हात लावू दिला नाही. काका उठले, शेजारी जाऊन वेळ विचारून आले आणि मग त्यांनी ते लावले.

परंतु चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हे वर्णन पुरे होणार नाही. ज्या रात्री काका अंगणात ओरडत येरझारा घालीत, त्या रात्री त्यांच्यामागे आजी एकटी फिरे. शेजारी दारे लावून घेत. घरात लग्नाची बोलणी असली की काकांना मागच्या खोलीत बसवीत. तीस वर्षांत आजी एकदाही माहेरी मुक्कामाला गेली नाही. कुटुंबसंस्था थोर खरी. पण तिचा थोरपणा पुष्कळदा एका स्त्रीच्या झोपेवर उभा असतो.

गेलचे वेगळेपण येथेच आहे. तेथील यजमानाच्या पाठीशी रुग्णालय असते, परिचारिका घरी येऊन जाते, औषधे असतात, थोडासा मोबदला मिळतो. आणि दुखणे बळावले तर रोग्याला काही दिवस रुग्णालयात हलविता येते. शेजारी दार लावून घेत नाही, कारण एके काळी बहुधा त्याच्याही घरी असाच एक जेवणकरी असे. शेती कमी झाली, स्त्रिया नोकरीस लागल्या, तशी अशा घरांची संख्या तेथेही पुष्कळ घटली आहे. दिवसभर घरी राहणारे माणूस हाच त्या व्यवस्थेचा आधार होता, हे त्यावरून उघड होते.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. केवळ घरचे लोक स्वीकारीत नाहीत म्हणून त्याला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे तो कायदा स्पष्ट सांगतो. हक्क मोलाचा आहे. मात्र ‘समाजात’ या शब्दाचा अर्थ जोवर ‘आईच्या किंवा बायकोच्या गळ्यात’ एवढाच राहील, तोवर त्या हक्काची किंमत दुसराच कोणी मोजीत राहील. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडे होती. त्यांपैकी एकेकाने आठवड्यातील एकच रात्र जागून काढली असती, तर आजी रोज झोपली असती. आणि काकांना वाड्यात आणखी सहा दारे उघडी मिळाली असती.