मेणबत्त्या आणि मते

दहशतवादी हल्ल्याने मतदार खवळतो आणि सरकार उलथते, असे नेहमी ऐकतो. पण आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. हिशेब पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

२९ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी मुंबईच्या ताजमधील चकमक संपली आणि त्याच दिवशी दिल्लीत विधानसभेचे मतदान झाले. भाजपने हल्ल्यावरून जाहिराती दिल्या. तरी काँग्रेसच्या शीला दीक्षित तिसऱ्यांदा जिंकल्या. मुंबईत विलासराव देशमुख, आर. आर. पाटील यांची पदे गेली, गेटवेपाशी मेणबत्त्या पेटल्या. पण ३० एप्रिल २००९ रोजी त्याच दक्षिण मुंबईत लोकसभेसाठी शंभरातले जेमतेम ४० मतदार बाहेर पडले! मेणबत्त्या धरणारे हात कुठे होते, देव जाणे. त्याच वर्षी राज्यात आघाडी पुन्हा आली आणि आर. आर. आबा पुन्हा गृहमंत्री झाले.

लोक विसरले म्हणावे, तर ते मला पटत नाही. आमचे मामा मूळचे खानापूरचे, राहतात लालबागला. त्या दिवशी ते रांगेत होते. मी विचारले, "मामा, हल्ला आठवला नाही का?"

"आठवला रे. पण स्फोट दोघांच्याही राज्यात पाहिलेत. पुढे काय करणार, हे कुणीच सांगेना. मग चाळीच्या दुरुस्तीचं विचारलं आणि मत देऊन आलो."