नोझल का बेरिंग?



दिवाळी झाली आणि आमच्या ट्रॅक्टरनं ठोका धरला. तीन सिलिंडरचं जुनं इंजिन. स्लोवर ठेवलं की ठक-ठक, लोडवर गेलं की काळा धूर. आठ दिवसांवर ऊसतोडीला निघायचं होतं. टोळी ठरलेली, कोयत्यांना उचल देऊन बसलेलो. बीडच्या माणसाला यापुढचं सांगायची गरज नाही.

मिस्त्री आले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली. पाच मिनिटं ऐकून म्हणले, "दादा, कनेक्टिंगचं बेरिंग बोलतंय. चेंबर काढावं लागंल. क्रँकला लागलं असलं तर इंजिनच उतरवावं लागंल." खर्च पन्नास हजारांच्या पुढं, आणि दिवस किती ते सांगता येईना.

भाचा बीडला पॉलिटेक्निकला आहे, सुट्टीत आला होता. "मामा, खोलायच्या आधी एकदा बघू तर द्या." त्याच्याकडं सेकंडहँड घेतलेला दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप आहे. दवाखान्यातलं ईसीजीचं मशीन डोळ्यासमोर आणा, तसंच. तारेतून येणारे व्होल्ट क्षणाक्षणाला पडद्यावर रेघ होऊन दिसतात.

सेन्सर घरीच केला. बझरमध्ये, वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात पितळेची पातळ चकती असते, ती पिझो. दाबली किंवा हादरली की वीज देते. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. पेट्रोल गाड्यांच्या इंजिनावर कंपनीचा नॉक सेन्सर असतो, तोही याच तत्त्वावर. दहा-वीस रुपयांची चकती जुन्या स्पीकरच्या चुंबकावर चिकटवली आणि माईकची जाळीवाली वायर जोडली. साधी वायर घेतली तर अल्टरनेटरची कुरकुर रेघेत येते. जोराच्या झटक्याला चकती बरेच व्होल्ट फेकते, म्हणून प्रोब १० एक्सवर ठेवला.

पहिल्यांदा आम्ही चुंबक टॅपेट कव्हरला लावलं आणि पडदा बघून माझ्या पोटात गोळाच आला. नुसता गोंधळ. नंतर कळलं, पत्र्याचं कव्हर स्वतःच डब्यासारखं वाजतंय. मग बिडाच्या हेडला लावलं तेव्हा रेघ शहाणी झाली.

दुसरी चकती एक नंबरच्या डिझेल पाईपला क्लॅम्पनं आवळली. पंपानं डिझेल ढकललं की पाईप केसभर फुगतो, तेवढा धक्का चकतीला पुरतो. तिथून मोजायला सुरुवात. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटवतं. ७५० आरपीएमला दोन फेऱ्यांना १६० मिलिसेकंद, म्हणजे तीन उंचवटे साधारण ५३ मिलिसेकंदांच्या अंतरानं. आमच्या पुस्तकात क्रम १-३-२. तिसरा उंचवटा बाकीच्यांच्या दुप्पट होता. म्हणजे दोन नंबर.

मिस्त्री पडद्याकडं बघत होते. म्हणले, "चुंबक मधल्या सिलिंडरजवळ लावलंय, मग मधलाच मोठा दिसणार ना?" भाचा गप्प. बरोबरच होतं त्यांचं. चुंबक एक नंबरजवळ नेलं, मग तीनजवळ. दोन्हीकडनं दोन नंबरच मोठा दिसला.

तरी प्रश्न तिथंच. दोन नंबरचं बेरिंग का दोन नंबरचं नोझल? दोन नंबरच्या पाईपचा नट ढिला केला तर ठोका गेला. पण तो बेरिंग असलं तरी जातो, कारण सिलिंडर पेटलंच नाही तर बेरिंगवर दाब कुठला? (नट ढिला करताना फवाऱ्याजवळ हात नेऊ नका. दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत शिरतं.)

मग मिस्त्रींनीच तोडगा काढला. दोन आणि तीनची नोझल अदलाबदल करायची. बेरिंग काही जागा बदलत नाही. नवीन तांब्याचे वॉशर टाकून बसवली, हवा काढली, स्टार्टर मारला. मी पडद्याकडं बघायच्या आधी मिस्त्रींच्या तोंडाकडं बघितलं. मोठा उंचवटा तीन नंबरवर गेला होता.

पंप-नोझलच्या दुकानात टेस्टरवर लावलं तर तुषार पडायच्या ऐवजी नोझल ठिबकत होतं. टीप बदलली, दीड हजाराच्या आत काम झालं. चेंबरला हात लावला नाही.

आता हेडवर चुंबकाच्या जागी रंगाचा ठिपका मारलाय. इंजिन गरम, आरपीएम तोच, जागा तीच, असं धरून चांगल्या रेघेचा फोटो काढून ठेवलाय, मीटरच्या तासांसकट. निरोगी असतानाची रेघ नसली तर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार? आम्ही यावेळी नशिबानं तीन सिलिंडर एकमेकांशी ताडून बघितले.

एक खरं सांगतो. दोन नंबर अजून किंचित मोठा दिसतो. चुंबक मध्ये आहे म्हणून, का आणखी काही, नक्की नाही. मिस्त्री म्हणले, गाळप संपून आला की चेंबर उघडून बघू. ठरल्या दिवशी टोळी घेऊन निघालो. चकती टूलबॉक्समध्ये आहे, स्कोप भाच्यानं परत नेला.