आधी भुतूर बघ

मृदुकाय प्राण्यांचं वर्गीकरण मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं. त्या विषयातली माझी पहिली गुरू मात्र मालवणच्या किनाऱ्यावर राहणारी एक मावशी. ती शाळेत कधी गेली नव्हती. ओहोटी लागली की ती खडपांवर कालवं काढायला जाई, नाहीतर खाडीच्या वाळूत तिसऱ्या वेचायला. मी तिची टोपली धरून मागे असे.

सुंदर कवच दिसलं की मी लगेच त्याचं नाव विचारायची. ती म्हणे, “आधी भुतूर बघ गो चेडवा, मगे नाव इचार.” ओल्या वाळूतली दोन बारीक भोकं ती बोटाने दाखवी. खाली पुरलेली तिसरी एका नळीने पाणी आत ओढते आणि दुसरीने बाहेर टाकते, हे मी पुस्तकात वाचलं ते फार नंतर. तिसरी उघडली की तिचा पाचरीसारखा पाय दिसे, वाळूत रुतायला केलेला. कालवाला तसा पाय सापडत नसे. लहानपणी पाण्यात पोहणारं ते पिल्लू एकदा डाव्या शिंपेने खडकाला कायमचं चिकटलं की त्याचा पाय नाहीसाच होतो. म्हाकूल साफ करताना मावशी आतली पारदर्शक काडी अलगद ओढून माझ्या हातावर ठेवी. पूर्वजांच्या कवचाचं उरलेलं रूप ते हेच.

पुढे विद्यापीठात आमच्या सरांनी मला या शास्त्राचा इतिहास शिकवला. त्यांचंही ऋण मोठं आहे. 1758 साली लिनियसने ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत हे सगळे प्राणी कृमींमध्ये घातले. कवचवाल्यांचा त्याने एक गट केला. बिनकवचाच्या गोगलगायी आणि म्हाकुलाचे भाऊबंद मात्र जेलीफिश नि तारामाशांसोबत दुसऱ्या गटात गेले. बाहेरून पाहिलं तर ते पटण्यासारखंच होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्यूव्हिएने हे प्राणी चिरून पाहिले आणि शरीररचनेच्या आधारावर ताटातूट झालेली ही भावकी एकत्र आणली. सर हे सांगत होते तेव्हा वर्गात बसून मला मावशीचाच आवाज ऐकू येत होता.

मऊ शरीर, कवच घडवणारं प्रावाराचं आवरण आणि स्नायूंचा पाय एवढ्या भांडवलावर या संघाने केवढा संसार मांडला आहे! शंखाचा पाय सरपटतो, शिंपलीचा खणतो. म्हाकुलाच्या पायाचे भुज झाले, आणि पाण्याचा झोत सोडून पळायची नळीही त्यातूनच घडली. शंखाच्या वाढीत आतली इंद्रियं 180 अंशांत वळतात आणि गुदद्वार डोक्याच्या वर येतं. आज या संघाचे आठ जिवंत वर्ग मानले जातात. त्यातला एक पुराजीव काळातच नष्ट झाला, असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते. 1952 साली ‘गॅलाथिया’ या डॅनिश जहाजाने कोस्टा रिकाजवळ साडेतीन हजार मीटरहून अधिक खोलीवरून त्याच वर्गाचे काही जिवंत नमुने वर काढले. वरून पाहिलं तर टोपीसारखं साधं कवच. खडकावरच्या कितीतरी शंखवर्गीयांचं असतं तसंच. आत मात्र स्नायू, कल्ले, उत्सर्जनाची इंद्रियं यांच्या जोड्या एकामागून एक मांडलेल्या होत्या. 1957 साली हेनिंग लेम्के यांनी या प्राण्याला ‘निओपिलिना’ हे नाव दिलं.

हे सगळं मला समजलं, कारण माझ्या हातांना ते आधी ठाऊक होतं. ज्ञान देणाऱ्याचं नाव शोधनिबंधात येतं. किनाऱ्यावरच्या बायकांचं मात्र कुठेच येत नाही. कुठल्या पुळणीवर काय मिळतं, कुठल्या महिन्यात शिंपली भरलेली असते आणि कधी पोकळ, हे त्यांनी सांगितलं म्हणून आमचे कितीतरी नमुने जमले. ही उधारी मला सलते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण आणि तारीख यांच्यानंतर आणखी एक रकाना असतो: ‘कुणी दाखवलं’. तो कोरा असेल, तर मी वहीवर सही करत नाही.