सात दिवसांचा रस्ता

आमच्या कचेरीत कुणी परदेशी जातो म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "दुबई की लंडन?" मी मेक्सिको म्हणालो तेव्हा शेजारच्या टेबलावरचे सहकारी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "तिथे कोण आहे तुझे?" कुणीच नाही. खरे सांगायचे तर कुणीच नाही म्हणूनच ती जागा ठरली.

माझी थोरली बहीण गेली वीस-बावीस वर्षे ह्यूस्टनला आहे. 2021 साली बाबा गेले आणि आमच्या दोघांमध्ये घर आले. म्हणजे गावचे घर आणि मागचे कुळागर. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. वाटणी करायची तर ताईची सही हवी, भावोजींचीही हवी. मला कुळागराचा एक तुकडा विकून घराचे छप्पर नीट करून घ्यायचे होते, तिला एक माडही विकायचा नव्हता. एका रात्री फोनवर मी म्हणालो, "दोन वर्षांतून पंधरा दिवस येणाऱ्यांनी माडांची काळजी करू नये." वाक्य तोंडातून सुटले ते सुटलेच. त्यानंतर तीन वर्षे आमचे बोलणे चवथीला आणि दिवाळीला, तेही "जेवलीस का" एवढेच.

तोडगा भाच्याने काढला. "मामा, तू इथे आलास की तू पाहुणा. आई तिथे आली की ती पाहुणी. तुम्ही तिसरीकडेच भेटा. एक आठवडा, एक गाडी, समुद्राकाठचा रस्ता." तो एकदा मित्रांबरोबर मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याने फिरून आला होता. बायको म्हणाली, "मुलीचे बारावीचे वर्ष, मी काही येत नाही. तुम्ही जा आणि भांडण मिटवूनच या." एलटीसीत मेक्सिको बसत नाही, तेव्हा खर्च सगळा खिशातला. 2019 साली ताईकडे जाण्यासाठी घेतलेला अमेरिकेचा व्हिसा अजून चालू आहे, आणि तो असला की मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. राहिला तो खात्याचा ना हरकत दाखला. त्याचा अर्ज कसा लिहायचा हे कारकुनाला कुणी शिकवायला नको.

मग मी नकाशा घेऊन बसलो. तिकडे 200 क्रमांकाचा महामार्ग आहे. नायारित राज्यातल्या तेपिकपासून पॅसिफिकच्या काठाकाठाने थेट ग्वातेमालाच्या सीमेपर्यंत जातो. माझा पहिला आराखडा पाहून ताई हसली असती, पण तेव्हा ती हसण्याइतकी मोकळी झाली नव्हती. मांझानिय्यो, अकापुल्को, पुएर्तो एस्कोंदिदो, हुआतुल्को... सगळे सात दिवसांत!

अकापुल्को मला का हवे होते ते सांगतो. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षे स्पेनची गलबते मनिला आणि अकापुल्को यांच्यामध्ये ये-जा करत होती. जाताना मेक्सिकोची चांदी, येताना आशियाचा माल. त्या गलबतांवरून गेलेल्या फिलिपिनो खलाशांनी तिकडच्या लोकांना माडाची सूर काढायला शिकवले. कोलिमा भागात आजही ती 'तुबा' या नावाने विकतात. आमच्या कुळागरातल्या माडांवर लहानपणी रेंदेर चढायचा. खाली मी आणि ताई उभे. त्याचा तो पृथ्वीच्या पलीकडचा भाऊबंद बघायची मला फार इच्छा होती.

पण कोलिमा, मिचोआकान आणि गेरेरो ही तिन्ही राज्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या 'प्रवास करू नका' या यादीत आहेत. अकापुल्को गेरेरोतच येते. शिवाय ऑक्टोबर 2023 मध्ये ओटिस नावाच्या चक्रीवादळाने त्या शहराची दैना केली. तिथेही लाखो माणसे रोज बाजारहाट करून जगतात हे मला कळते. पण ज्या बहिणीशी तीन वर्षे धड बोललो नाही, तिला जोखमीच्या रस्त्यावरून गाडी हाकायला कुठल्या तोंडाने सांगणार? गाडी तीच चालवणार आहे. तिकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला, मला ते जमणारे नाही. कदंब बसमध्ये माझा हात घट्ट धरून बसणारी ताई आता मला शेजारी बसवून परमुलखात नेणार.

अकापुल्कोवर मी काट मारली आणि तिला तसे कळवले. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "तुला तुबा बघायची होती ना रे? वाईट वाटले का?" चवथ-दिवाळी सोडून आलेला तिचा तो पहिला फोन.

त्यानंतर दर रविवारी आम्ही बसलो. आराखडा कापत कापत वाहाका राज्याच्या किनाऱ्यावर येऊन थांबलो. हुआतुल्को ते पुएर्तो एस्कोंदिदो, जेमतेम 110 किलोमीटर. आपल्या पत्रादेवी-पोळे रस्त्याहूनही कमी. सात दिवसांसाठी एवढेच? मलाही आधी तसेच वाटले होते. पण रस्ता लांब असला की माणसे रस्त्याशीच बोलतात, एकमेकांशी नाही. हे म्हणणे ताईचे.

दिवस जानेवारीचे निवडले. तिकडचा वादळांचा मोसम मेच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. 2022 च्या मे महिन्यात अगाथा नावाचे वादळ याच किनाऱ्यावर आदळले होते. रात्री गाडी चालवायची नाही, हा पहिला नियम. गुरे रस्त्यावर येतात आणि गतिरोधक दिसत नाहीत. गतिरोधकाला तिकडे 'तोपे' म्हणतात, आणि आपल्यासारखेच ते फलकाशिवायही असतात म्हणे. पुढचा ट्रकवाला डावा दिवा लावतो, तेव्हा तो वळणार असतो किंवा तुम्हाला पुढे जा म्हणत असतो. नक्की काय ते ज्याचे त्याने ओळखायचे! तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि इंटरनेटवर दिसणाऱ्या स्वस्त भाड्यात तो बहुधा धरलेला नसतो. तो धरून मी हिशोब केला, तेव्हा भाडे बरेच वाढले. गाडी बंद पडली तर 078 फिरवायचा. 'हिरवे देवदूत' नावाची सरकारी पथके येऊन मदत करतात. लहान गावांत कार्डाचा भरवसा नाही, म्हणून रोख पेसो जवळ ठेवायचे. गाडी जिथे घेतली तिथेच परत करायची, नाहीतर वेगळा आकार पडतो.

पहिले दोन दिवस हुआतुल्कोचे, हा ताईचा हट्ट. नऊ उपसागरांचे गाव. 1587 साली इंग्रज चाचा कॅव्हेंडिश याने ते लुटून जाळले. तिथला लाकडी क्रूस मात्र काही केल्या जळला नाही, अशी आख्यायिका आहे. असल्या गोष्टी ऐकतच आपण गोव्यात वाढलो, त्यामुळे ताईला ते गाव आधीच ओळखीचे वाटते आहे.

तिसरा आणि चौथा दिवस मासुंते. हा माझा हट्ट. मोरजीला आणि गालजीबागला जे कासव अंडी घालायला येते, तेच ऑलिव्ह रिडले या किनाऱ्यावरही येते. तिथून जवळच एस्कोबिय्या नावाची किनार आहे, तिथे मोसमात त्यांचे थवेच्या थवे वर चढतात. मासुंते आणि आसपासची गावे एकेकाळी कासवे मारूनच पोट भरत होती. शेजारच्या सान आगुस्तिनिय्योला त्यांचा कत्तलखाना होता. 1990 साली सरकारने कासवांच्या शिकारीवर बंदी घातली आणि एका फटक्यात गावांची रोजीरोटी गेली. आज मासुंतेला कासवांचे संशोधन केंद्र आहे, गावातल्या लोकांची साबण-तेलांची सहकारी संस्था आहे, आणि तीच कासवे बघायला माणसे जगभरातून येतात. कापून विकण्यापेक्षा राखून ठेवण्यात जास्त आहे, हे त्या गावांना सोसून कळले. हे वाचताना मला आमचे कुळागर आठवले. ताईला मी ते बोललो नाही. तिलाही आठवले असणार.

पाचवा आणि सहावा दिवस पुएर्तो एस्कोंदिदोचे. जवळच मानियाल्तेपेकची खाडी आहे. अंधाऱ्या रात्री तिथे होडीतून पाण्यात हात घातला की पाणी चमकते. लहानपणी मांडवीत फेरीबोटीच्या मागे तसला उजेड दिसला की ताई मला वर उचलून दाखवायची. ते तिला अजून आठवते, हे या रविवारच्या फोनांमुळे कळले.

सातव्या दिवशी गाडी परत करण्याखेरीज काहीच ठरवले नाही. ताई म्हणाली, "तो रिकामा ठेव." मी तो रकाना कोरा सोडला. आयुष्यभर कोरा रकाना दिसला की फाईल परत पाठवणारा मी!

गेल्या रविवारी शेवटी विचारले, "घराचे कागद आणू का बरोबर?" पलीकडे बराच वेळ शांत. मग आमच्या घरच्या भाषेत उत्तर आले, "हाड. पूण पयले स दीस काडूं नाका."

कागद बॅगेच्या तळाशी ठेवले आहेत. छपराचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. पण सातव्या दिवशी ती काय म्हणेल याची भीती मला आता पूर्वीइतकी वाटत नाही. तिकिटे काढली, ना हरकत दाखला परवा हातात पडला. परत आल्यावर लिहीनच.