मधले सूर

वर्ध्याला आमच्या घरी दर रविवारी सायंकाळी रेडिओभोवती मंडळी जमत. माझे मामा पेटी वाजवीत, तर शेजारचे काका हवाईयन गिटार. दोघांचा मोठा स्नेह होता.

एकदा मंगेश पाडगावकरांचे ‘शुक्रतारा’ हे गीत लागले. श्रीनिवास खळे यांच्या चालीवर १९६२ साली अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांनी ते गायिले होते. गीत संपताच मामा म्हणाले, “आवाज गोड, पण ना तान, ना जोर. यात मोठे ते काय?”

काका उसळले, “अहो, सारी गोडी दोन स्वरांमधल्या वाटेत आहे!”

शब्दाला शब्द लागला. पुढचे दोन रविवार काकांची जागा रिकामीच राहिली. मला चैन पडेना. शेवटी मीच काकांना हाताला धरून आणले व म्हटले, “तेच गीत दोघेही वाजवा ना!”

मामांचे सूर अचूक होते, पण सुटे सुटे. पेटीची प्रत्येक पट्टी एकच ठरीव सूर देते. काकांनी मात्र तारांवर पोलादी कांडी सरकविली आणि एक सूर दुसऱ्यात अलगद मिसळून गेला.

मामा क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “माझ्या पेटीला जे साधत नाही, ते मला ऐकूच आले नव्हते.”

काका हसले, “आणि तुमच्या पेटीवाचून मी तारा कशाशी जुळविल्या असत्या?”

तेव्हापासून कोणाच्या कलेविषयी मत देण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, “माझे कान कोणत्या वाद्याचे आहेत?”