भंगारातली जनावरं

चंदिगड म्हणजे एकदम शिस्तीचं शहर. सरळसोट रस्ते, नंबरवाले सेक्टर, ल कार्बुझिएचा प्लॅन. सगळं कसं फूटपट्टी लावून आखलेलं. पण इथेच, सेक्टर १ मध्ये सुखना तलावाजवळ, अशी एक जागा आहे जी त्या प्लॅनमध्ये कधीच नव्हती. रॉक गार्डन!

नाव ऐकून दगडधोंडे बघायला जाल आणि समोर येतील मोर, माकडं, बदकं. एकदोन नाही, फौजच्या फौज. जरा जवळ जाऊन बघा. कुणाच्या अंगावर फुटक्या कपबशा, तर कुणी काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांनी नटलेलं. आज सुमारे ४० एकरांवर पसरलेला हा पसारा सुरू केला एकट्या माणसाने. नेकचंद सैनी, सरकारी बांधकाम खात्यातले रोड इन्स्पेक्टर.

फाळणीत त्यांचं गाव पाकिस्तानात गेलं आणि ते इकडे आले. इकडे नव्या शहरासाठी दोन डझन गावं पाडली जात होती. स्वतःचं गाव गमावलेला हा माणूस त्या पाडलेल्या गावांचा राडारोडा सायकलवरून गोळा करायला लागला. साल साधारण १९५७-५८. ड्युटी संपली की थेट जंगलात. तिथे बांधकामाला सक्त मनाई, म्हणून सगळा मामला गुपचूप!

आता मेकिंगचा फंडा. आत सांगाडा भंगार लोखंडाचा. समजा जुनी सायकल मिळाली, तर फ्रेमचं धड, फोर्कचे पाय आणि सीटचं डोकं. झालं जनावर तयार! त्यावर सिमेंट-वाळूचा थर, आणि तो ओला असतानाच बांगड्या नाहीतर चिनी मातीचे तुकडे दाबून बसवायचे. कागदावर ड्रॉइंग वगैरे काही नाही. जे हाती लागेल त्यातून प्राणी सुचणार.

१९७० च्या दशकात सरकारला याचा पत्ता लागला. नियमाने सगळं जमीनदोस्त व्हायला हवं होतं. झालं उलटंच. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली, नेकचंदना याच कामाचा पगार सुरू झाला आणि मदतीला ५० मजूर मिळाले. १९८४ मध्ये पद्मश्रीही आली.

तरी टांगती तलवार होतीच. १९९० मध्ये रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा चंदिगडकर स्वतः आडवे उभे राहिले आणि बाग वाचली. २०१५ मध्ये नेकचंद गेले. मार्च २०२५ मध्ये रस्ता रुंद करायला आणि हायकोर्टाच्या पार्किंगसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला. विरोध झाला, पण या वेळी भिंत वाचली नाही. पाडापाडीतून जन्मलेल्या बागेवरच पाडापाडीची पाळी! म्हणून म्हणतो, चंदिगडला जाण्याचा बेत असेल तर ही बाग 'वेळ उरला तर' या यादीत टाकू नका.

जाताना चपट्या तळाचे बूट घाला, चालणं भरपूर आहे. दरवाजे मुद्दाम बुटके ठेवलेत, त्यामुळे साहेब असो की शिपाई, वाकल्याशिवाय आत प्रवेश नाही. आणि घरी परतल्यावर कधी रिनोव्हेशन काढलंत, तर फुटक्या टाइल्सचा ढीग टेम्पोत भरण्याआधी एकदा नीट बघा. एखादा मोर सहज निघेल त्यातून!