आबांचे घर

यॉर्कशायरमधील रिपन गावाहून निघून, स्टडलीच्या उपवनातील निर्भय हरिणांना मागे टाकीत आणि स्केल नदीच्या काठाकाठाने चालत आपण एका वळणावर येतो, तो फाउंटन्स ॲबीचे छप्परहीन, प्रचंड भग्नावशेष एकाएकी समोर उभे राहतात. ॲबी म्हणजे मठ खराच; पण त्या शब्दाच्या मुळाशी अरमाईक भाषेतील ‘अब्बा’ म्हणजे बाप आहे; तो ग्रीक-लॅटिनची वाट चालून मठाधिपतीचे ‘ॲबट’ हे बिरूद झाला, आणि त्याच्या छायेखालचे घर ती ॲबी. आमच्याकडे आजोबांना आबा म्हणत. या दोन शब्दांची सोयरीक जुळवण्याची माझी छाती नाही, पण कानाला कोण समजावणार?

यॉर्कच्या सेंट मेरीज मठातील शिथिल आचाराला उबगलेले तेरा संन्यासी ११३२ साली आर्चबिशप थर्स्टन यांनी दिलेल्या या रानवट दरीत आले आणि लवकरच कठोर सिस्टर्शियन पंथात सामील झाले. अपरिग्रहाचे व्रत घेऊन बिनरंगी लोकरीचा अंगरखा पांघरणाऱ्या या मंडळींना पुढे लोकरीनेच गडगंज केले. मेंढरे आणि शेतीवाडी सांभाळणारे श्रमिक बंधू पश्चिमेकडील तीनशे फूट लांब इमारतीत माडीवर निजत आणि खाली कोठार असे. तिथल्या कमानींच्या रांगेतून चालताना देवळापेक्षा पेढीचाच भास अधिक होतो. तो अगदीच चुकीचा नव्हे, कारण तेराव्या शतकात पुढील हंगामांची लोकर आगाऊ विकून मठ इटालियन व्यापाऱ्यांच्या देण्यात अडकला होता.

आठव्या हेन्रीने देशभरचे मठ खालसा केले, तेव्हा नोव्हेंबर १५३९ मध्ये ॲबट मार्माड्यूक ब्रॅडली याने मठ सरकारच्या स्वाधीन केला आणि सालिना शंभर पौंडांचा तनखा पदरात पाडून घेतला. बापाने घर मोडून दिले, असे म्हणावेसे वाटते खरे. परंतु याच मठाचा आधीचा ॲबट विल्यम थर्स्क दोनच वर्षांपूर्वी टायबर्नला फासावर चढला होता, तेव्हा परतीचे तिकीट खिशात बाळगणाऱ्या प्रवाशाने ब्रॅडलीला भित्रा म्हणू नये. पुढे मालमत्ता लंडनच्या रिचर्ड ग्रेशम या व्यापाऱ्याने घेतली, आणि मठाचे काही दगड शेजारच्या फाउंटन्स हॉल या वाड्याच्या भिंतींत गेले.

निघताना शेकखोलीपाशी पाय थबकले. हिवाळ्यात गारठलेल्या संन्याशांना घटकाभर शेकायची मुभा असे ती ही खोली. तिच्या भिंतीतील चुलाणे एवढे ऐसपैस, की आमचे आबा असते तर प्रथम खुर्ची ओढून बसले असते आणि मग विचारले असते, मठ कोणाचा म्हणून.